कल्चर कलेक्शनमध्ये स्ट्रेन जमा करताना: प्रकार, पात्रता आणि कागदपत्रे

नवा जिवाणू वेगळा केला, त्याचा जनुकक्रम काढला, शोधनिबंधही लिहिला. पण कल्चर (माध्यमावर वाढवलेला जिवंत सूक्ष्मजीव) प्रयोगशाळेच्या फ्रीझरमध्येच राहिले, तर काही वर्षांनी ते बहुधा मिळत नाही. काम करणारा विद्यार्थी निघून गेलेला असतो, ट्यूबवरची शाई उडालेली असते, मध्येच कधीतरी वीज गेलेली असते. ही गळती थांबवण्यासाठी कल्चर कलेक्शन, म्हणजे सूक्ष्मजीव जिवंत जपून ठेवणारे संग्रह, असतात. प्रागमध्ये फ्रांटिशेक क्राल यांनी १८९० मध्ये सुरू केलेला संग्रह हा इतरांना कल्चर पुरवणारा पहिला संग्रह मानला जातो. आज जागतिक नोंदवहीत ८०० हून अधिक संग्रह आहेत. प्रत्येकाचा अर्ज वेगळा दिसतो, पण विचारलेली माहिती जवळपास तीच असते आणि अर्ज अडकतात तेही त्याच चार-पाच ठिकाणी.

आधी जमेचा प्रकार ठरवा

अर्जाच्या पहिल्याच पानावर हा प्रश्न असतो आणि घाईघाईत चुकीच्या चौकटीत खूण करण्याचे प्रमाण इथेच सर्वाधिक. प्रकार तीन आहेत.

सार्वजनिक जमा: स्ट्रेनला (एका स्रोतातून वेगळ्या केलेल्या सूक्ष्मजीवाच्या वंशाला) क्रमांक मिळतो, तो कॅटलॉगमध्ये येतो आणि पात्र असलेली कोणतीही संस्था तो मागवू शकते. जमा करणाऱ्याकडून यासाठी सहसा शुल्क घेत नाहीत.

सुरक्षित जमा: कल्चर संग्रहात राहते, पण मालकी तुमचीच. कॅटलॉगमध्ये नाव येत नाही, तुमच्या लेखी परवानगीशिवाय कोणालाही दिले जात नाही. ही सशुल्क सेवा आहे. बँकेतला लॉकर म्हणा.

पेटंटसाठीची जमा: ही बुडापेस्ट करारानुसार (पेटंटसाठी सूक्ष्मजीव जमा करण्याबाबतचा आंतरराष्ट्रीय करार) होते आणि करारानुसार मान्यता मिळालेल्या संस्थेतच करावी लागते. नेहमीच्या सार्वजनिक जमेचा क्रमांक इथे चालेलच असे नाही.

नव्या प्रजातीचे वर्णन करायचे असेल तर सार्वजनिक जमेला पर्याय नाही. जिवाणू आणि आर्किया (जिवाणूंसारखे दिसणारे, पण वेगळ्या गटातले सूक्ष्मजीव) यांच्या नामकरण संहितेतला नियम ३० याबाबत स्पष्ट आहे. २००१ च्या सुरुवातीपासून टाइप स्ट्रेन (प्रजातीच्या नावाचा आधार असलेला स्ट्रेन) किमान दोन सार्वजनिक संग्रहांत आणि तेही दोन वेगवेगळ्या देशांत जिवंत स्वरूपात जमा असावा लागतो. सुरक्षित जमा, किंवा केवळ पेटंटसाठी केलेली जमा, टाइप स्ट्रेन म्हणून चालत नाही. ‘सध्या सुरक्षित ठेवू, निबंध स्वीकारला की सार्वजनिक करू’ हा बेत म्हणूनच फसतो. संपादक उपलब्धतेचे प्रमाणपत्र (स्ट्रेन संग्रहात आहे आणि मागणाऱ्याला मिळू शकतो असे संग्रहाचे पत्र) निबंधासोबतच मागतात. एकाच देशातल्या दोन संग्रहांची प्रमाणपत्रे जोडली तरी अट पूर्ण होत नाही.

पेटंट आणि नवी प्रजाती दोन्ही साधायचे असेल तर क्रम सांभाळा. पेटंट अर्ज दाखल होण्याआधी स्ट्रेन सर्वांना खुला झाला, तर शोधाच्या नावीन्यावर आक्षेप येऊ शकतो. आधी पेटंटची जमा आणि अर्ज, मग सार्वजनिक जमा.

पात्रता

संशोधक, विद्यापीठ, रुग्णालय, कंपनी यांपैकी कोणीही जमा करू शकते. विद्यार्थ्याच्या नावावर अर्ज चालत असला तरी करारावर सही करण्याचा अधिकार संस्थेच्या अधिकृत व्यक्तीकडे असतो. मार्गदर्शकाची सही पुरेशी आहे का, हे आधी विचारून घ्या.

स्ट्रेनची पात्रता तपासताना चार गोष्टी पाहतात: तो शुद्ध आहे का, ओळखलेला आहे का, संग्रहाच्या जतनपद्धतीत टिकतो का आणि त्याचा जोखीम गट (रोगकारकतेची पातळी; आकडा मोठा तसा धोका जास्त) संग्रहाला चालतो का. बरेच संग्रह गट १ आणि २ पुरतेच मर्यादित असतात. गट ३ साठी वेगळी सुविधा लागते आणि ती मोजक्याच ठिकाणी असते. टिकण्याचा मुद्दा दुर्लक्षित राहतो. फ्रीझ-ड्राइंग (गोठवून निर्वातात सुकवणे) बहुतेक जिवाणूंना आणि भरपूर बीजाणू धरणाऱ्या बुरशींना मानवते. बीजाणू न धरणारी तंतुमय बुरशी आणि अनेक सूक्ष्मशैवाले त्यात मरतात. त्यांना द्रव नायट्रोजन, म्हणजे उणे १९६ अंश सेल्सिअस, किंवा सतत नव्या माध्यमावर वाढवत राहणे हाच मार्ग उरतो. प्रत्येक संग्रहाकडे ती सोय नसते.

आधीच शेकड्यांनी साठवलेल्या प्रजातीचा, काही विशेष गुण नसलेला आणखी एक स्ट्रेन नाकारला जाऊ शकतो. अशा वेळी तो वेगळा का आहे हे दोन ओळींत लिहून द्या: प्रतिजैविक-प्रतिरोध, दुर्मीळ अधिवास, प्रकाशित जीनोम, काहीही. मिश्र कल्चर सार्वजनिक जमेत सहसा घेत नाहीत. बुडापेस्ट कराराखाली मात्र घटकांचे वर्णन आणि ते तपासण्याची पद्धत दिल्यास मिश्रणही जमा करता येते.

कागदपत्रे

जमा अर्जातील सर्वात महत्त्वाची नोंद म्हणजे स्ट्रेनची खूण. अर्ज, ट्यूब, जनुकक्रमाची नोंद आणि निबंध या चारही ठिकाणी ती तंतोतंत तीच हवी. शून्य की इंग्रजी ‘ओ’, मध्ये रेघ आहे की मोकळी जागा, एवढ्यावरून महिनाभराचा पत्रव्यवहार होतो. नुसते ‘१’ किंवा ‘ए’ असे ठेवू नका. प्रयोगशाळेची दोन-तीन अक्षरे पुढे लावा. दुसऱ्याकडून मिळालेला स्ट्रेन असेल तर त्याची मूळ खूण बदलू नका, तो कोणाकडून कोणाकडे आला ती साखळी लिहा.

त्यानंतर नमुना कुठून घेतला (अक्षांश-रेखांशासह), कधी घेतला, कोणत्या माध्यमावर, किती तापमानाला आणि पीएचला वाढतो, हवा लागते की नाही, जोखीम गट कोणता, जनुकक्रमाचा नोंदणी क्रमांक काय. ओळख पटवायला लागणारा जनुकक्रम असा: जिवाणूंसाठी १६एस जनुकाचे साधारण १४०० किंवा जास्त बेस, तंतुमय बुरशीसाठी आयटीएस, यीस्टसाठी मोठ्या राइबोसोमल उपघटकाचा डी१-डी२ भाग. नवी प्रजाती असल्याचा दावा असेल तर १६एस साम्य ९८.७ टक्क्यांखाली आहे का हे पाहतात. त्याहून जास्त असेल तर संपूर्ण जीनोमची तुलना लागते, जिथे सरासरी न्यूक्लिओटाइड साम्याची ९५–९६ टक्के ही सीमा धरतात.

आता ज्या कागदांवर अर्ज खरोखर अडतात ते. नागोया प्रोटोकॉल (जैविक संसाधने मिळवणे आणि त्यांच्या लाभाचे वाटप यांबाबतचा आंतरराष्ट्रीय करार) १२ ऑक्टोबर २०१४ पासून लागू आहे. त्यानुसार नमुना ज्या देशातून घेतला त्या देशाची पूर्वसंमती आणि लाभवाटपाच्या परस्परसंमत अटी, असे दोन दस्तऐवज लागू शकतात; देशाने परवान्याची नोंद आंतरराष्ट्रीय संकेतस्थळावर केली असेल तर तिचा क्रमांकही द्यावा लागतो. लोक इथे स्ट्रेन वेगळा केल्याची तारीख लिहितात. नियमाला हवी असते ती नमुना घेतल्याची तारीख. २०१३ मध्ये आणलेल्या मातीतून २०१९ मध्ये वेगळा केलेला जिवाणू आणि २०१९ च्या मातीतला जिवाणू यांची कागदपत्रे सारखी नसतात. त्या देशात परवाना लागत नसेल तर तसे सांगणारे अधिकृत पत्र किंवा ईमेल जोडा. ‘लागत नाही’ एवढे लिहून संग्रह समाधानी होत नाहीत.

कल्चर देशाबाहेर जाणार असेल तर पाठवणाऱ्या देशाची निर्यात परवानगी आणि वनस्पती वा प्राण्यांच्या रोगकारकांसाठी घेणाऱ्या देशाचा आयात परवाना. नव्या प्रजातीसाठी दुसऱ्या देशातल्या संग्रहातही जमा करणे बंधनकारक असल्यामुळे सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. या परवानगीचा अर्ज वर्णन लिहायला घेण्याच्या दिवशीच करा. परवानगीत ‘तिसऱ्या पक्षाला देऊ नये’ अशी अट असेल तर ती काढून घेतल्याशिवाय उपलब्धतेचे प्रमाणपत्र मिळणार नाही. जनुकीय बदल केलेल्या स्ट्रेनसाठी बदलाचा तपशील आणि जैवसुरक्षा मंजुरी वेगळी. शेवटी जमा करार, संस्थेच्या सहीशिक्क्यासह.

कल्चर तयार करून पाठवणे

एकाच वसाहतीतून किमान तीनदा रेघाटून (प्लेटवर रेघा ओढत पसरवून) शुद्ध करा. मग जी ट्यूब पाठवणार तिच्यातूनच जनुकक्रम पुन्हा काढा, दोन वर्षांपूर्वीच्या स्टॉकमधून नव्हे. दोन्ही संग्रहांना एकाच स्टॉकमधून पाठवा, म्हणजे पुढे दोन क्रमांकांखाली दोन वेगळे जीव निघण्याची नामुष्की येत नाही.

पेट्री डिश पाठवू नका: झाकणावरचे पाणी ओघळते, आगर (जेलीसारखे वाढमाध्यम) सुटतो आणि बाहेरची बुरशी शिरते. स्क्रू झाकणाच्या ट्यूबमधला आगर स्लांट (तिरपा घट्ट केलेला आगर) किंवा फ्रीझ-ड्राय केलेले ॲम्प्यूल (बंद केलेली काचेची नळी), संग्रहाने सांगितलेल्या संख्येत. ग्लिसरॉल स्टॉक (ग्लिसरॉलमध्ये गोठवलेले कल्चर) कोरड्या बर्फाशिवाय पाठवला तर वाटेत वितळतो आणि पोहोचेपर्यंत निम्म्याहून जास्त पेशी मेलेल्या असू शकतात. विनॉक्सीजीव (ऑक्सिजनशिवाय जगणारे) बंद ट्यूबमध्ये, ब्यूटाइल रबराच्या बुचासह. फाज (जिवाणूंना बाधणारा विषाणू) असेल तर त्याचा यजमान जिवाणूही सोबत.

पॅकिंग तिहेरी: गळती न होणारी ट्यूब, तिच्याभोवती शोषक पदार्थ आणि दुसरे बंद पात्र, बाहेर मजबूत खोका. रोगकारक असल्यास वर्गानुसार यूएन क्रमांक लागतो: ब वर्गाला (कमी धोक्याचे) ३३७३, अ वर्गात (जास्त धोक्याचे) माणसांना बाधणाऱ्यांना २८१४ आणि फक्त प्राण्यांना बाधणाऱ्यांना २९००. काही रोगकारक रुग्णाच्या नमुन्यात ब वर्गात मोडतात, पण कल्चर म्हणून अ वर्गात जातात. त्यामुळे रुग्णालयाची नेहमीची पाठवणीची पद्धत तशीच वापरू नका. पार्सल आठवड्याच्या सुरुवातीला निघेल असे पाहा.

संग्रहात काय होते

तिथे कल्चर उघडून वाढवतात, शुद्धता पाहतात, जनुकक्रम काढून तुमच्याशी ताडतात, जतन करतात आणि जतनानंतर पुन्हा जगते का ते तपासतात. त्यानंतरच प्रमाणपत्र मिळते. मधल्या काळात मिळालेला क्रमांक म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. याला आठवडे लागतात, हट्टी जीवांना महिने.

‘वाढत नाही’ असा निरोप आला की पहिला संशय अर्जातल्या माध्यमाच्या कृतीवर घ्या. समुद्री जिवाणूसाठी मीठ लिहायचे राहिले, जीवनसत्त्वांचे द्रावण गृहीत धरले, किंवा तुमच्या प्रयोगशाळेचे ‘अर्धे’ माध्यम म्हणजे नेमके किती ग्रॅम हे सांगितले नाही, असे बहुतेकदा निघते. प्रत्येक घटक प्रति लिटर ग्रॅममध्ये लिहा.

बुडापेस्ट कराराखाली

१९७७ च्या या कराराचा फायदा असा की एका मान्यताप्राप्त संस्थेतली जमा सर्व सदस्य देश मानतात. चंदीगडचा एमटीसीसी, ब्राउनश्वाइगचा डीएसएमझेड आणि अमेरिकेतला एटीसीसी हे अशा संस्थांपैकी काही. मूळ जमेसाठी बीपी/१ नमुन्यातले निवेदन असते: जमा मागे घेणार नाही ही हमी, वाढवण्याच्या व तपासण्याच्या अटी आणि आरोग्याला वा पर्यावरणाला धोका आहे का याची माहिती. मिळते ती बीपी/४ पावती आणि बीपी/९ जिवंतपणाचे निवेदन. साठवण किमान ३० वर्षे, आणि शेवटच्या मागणीनंतर किमान ५ वर्षे.

पुढे कधी कल्चर मेले आणि संस्थेने तसे कळवले, तर तीन महिन्यांत नवी जमा केल्यास जुनी तारीख टिकते, पण तोवरची सर्व निवेदने ‘जिवंत’ म्हणत असतील तरच. मुळातच मेलेले कल्चर पाठवले असेल तर ती तारीख हातची जाते. म्हणून पेटंट अर्जाच्या आदल्या दिवशी पार्सल पाठवू नका. बीपी/९ हातात येईल एवढे दिवस ठेवा.

बुरशीसाठी वेगळे

बुरशीचे नामकरण वनस्पतींच्या संहितेत येते. तिथे टाइप जिवंत असू शकत नाही. कल्चर टाइप असेल तर ते चयापचय थांबलेल्या अवस्थेत जतन केल्याचे वर्णनात लिहावेच लागते. २०१३ पासून नव्या नावाला मायकोबँकसारख्या मान्य नोंदवहीतला क्रमांकही लागतो.

स्ट्रेन मागवताना

मागणी संस्थेच्या नावाने, वापराच्या उद्देशासह, सामग्री हस्तांतर करारावर सही करून. गट २ आणि वरच्या स्ट्रेनसाठी प्रयोगशाळेच्या जैवसुरक्षा पातळीचा पुरावा मागतात. करारात पुढे वाटायला बहुधा मनाई असते. शेजारच्या विभागालाही स्वतंत्र मागणी करायला सांगा.

ॲम्प्यूल उघडल्यावर ०.३ ते ०.५ मिलिलिटर माध्यमात गोळी भिजवा, सुमारे अर्धा तास थांबा, मग थोडे द्रव माध्यमात आणि थोडे प्लेटवर टाका. पहिली वाढ मंद असते. नेहमीच्या वेळेच्या दुप्पट वाट पाहिल्याशिवाय कल्चर मेल्याची तक्रार नोंदवू नका.