नवजुळणीचा संगणक सुरू न होणे

सुटे भाग विकत घेऊन घरी जुळवलेला संगणक पहिल्यांदा बटण दाबल्यावर सुरू न होणे, आणि त्याचे कारण टप्प्याटप्प्याने शोधण्याची पद्धत. दुकानदाराकडून जुळवून घेतलेले यंत्र तो समोर चालवून दाखवतो. घरी जुळवणाऱ्याला ही तपासणी स्वतःच करावी लागते. इंदुरात असे भाग प्रामुख्याने रवींद्रनाथ टागोर मार्गावरच्या सिल्वर मॉलमध्ये मिळतात. रामबाग, नारायण बाग किंवा लोकमान्य नगरातल्या मराठी घरात संध्याकाळी खोकी उघडून बसलेल्या मुलाला रात्री यंत्र मुके राहिले, तर दुकान उघडेपर्यंत थांबावे लागते. त्या वेळात बरेच काही तपासून होते, आणि बहुतेक वेळा दोष घरीच सापडतो.

चालता संगणक बंद पडला, तर काहीतरी बिघडले असे धरणे योग्य. नवा संगणक सुरूच झाला नाही, तर आधी काहीतरी जोडायचे राहिले किंवा अर्धवट बसले असे धरावे. म्हणून ‘बोर्ड गेला’ (बोर्ड म्हणजे मदरबोर्ड, सगळे भाग ज्याला जोडतात तो मुख्य सर्किट बोर्ड) या निष्कर्षावर उडी न मारता यंत्र कुठपर्यंत पोचून थांबते ते पाहावे. काहीच हालचाल नाही, पंखे फिरतात पण पडदा काळा राहतो, किंवा पडद्यावर अक्षरे येतात पण विंडोज सुरू होत नाही: या तीन अवस्थांची कारणे अगदी वेगळी आहेत. सिल्वर मॉलमधला दुकानदारही फोनवर पहिला प्रश्न हाच विचारतो: ‘पंखा घूम रहा है? डिस्प्ले आ रहा है?’

काहीच हालचाल नसेल, तर एक्स्टेंशन बोर्डचे बटण, मागे एसएमपीएसवर (वीज पुरवणाऱ्या खोक्यावर) असलेला छोटा स्विच आणि भिंतीकडून येणारी केबल पूर्ण आत गेली आहे का, हे आधी पाहावे. त्यानंतर मदरबोर्डची २४ पिनांची मुख्य केबल. ती बसवायला बराच जोर लागतो, आणि बोर्ड वाकेल या भीतीने नवखा हात मध्येच थांबतो. खटका बसल्याचा आवाज आला पाहिजे. बोर्डवर एखादा दिवा लागलेला दिसला, तर एसएमपीएसकडून ५ व्होल्टचा राखीव पुरवठा पोचतो आहे. मग संशय कॅबिनेटच्या बटणाकडे जातो. बटणाची बारीक वायर बोर्डच्या खालच्या कडेच्या पिनांवर लागते, आणि ती एक पिन पुढेमागे बसणे ही नेहमीची चूक आहे. मॅन्युअलमधली आकृती पाहून त्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचे टोक क्षणभर टेकवावे. यंत्र सुरू झाले, तर दोष बटणात किंवा त्याच्या वायरमध्ये. बटणाची दोन टोके उलटसुलट लागली तरी चालते. एलईडीची लागली, तर फक्त तो दिवा पेटत नाही.

पंखे फिरतात पण पडदा काळा, ही अवस्था सर्वांत जास्त गोंधळात टाकते. पंखा फिरला म्हणजे यंत्र जिवंत आहे, हा समज चुकीचा आहे. पंख्यापर्यंत १२ व्होल्ट पोचले, एवढेच त्यातून कळते. प्रोसेसरला वेगळी ४ किंवा ८ पिनांची केबल लागते. ती बोर्डच्या वरच्या कोपऱ्यात, कूलर (प्रोसेसर थंड ठेवणारा पंखा) आणि कॅबिनेटच्या मधल्या अरुंद जागेत जाते आणि हमखास विसरली जाते. ग्राफिक्स कार्डची (पडद्यावर चित्र पाठवणाऱ्या वेगळ्या कार्डाची) ८ पिनांची केबल दिसायला तशीच, पण वायरिंग उलट असल्याने ती तिथे जबरीने घुसवू नये. मॉड्युलर (केबल सुट्या करता येणाऱ्या) एसएमपीएसच्या केबल दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसला कधीच लावू नयेत. एसएमपीएसकडच्या टोकाला पिनांची मांडणी सर्वांची एकसारखी नसते, आणि चुकीच्या जागी १२ व्होल्ट गेले की हार्ड डिस्क किंवा बोर्ड क्षणात जळतो.

यानंतर रॅम, म्हणजे तात्पुरत्या स्मृतीची पट्टी. पट्टी दोन्ही कडांना दाबून बसवावी आणि क्लिप आपोआप बंद झाली पाहिजे. एक बाजू बसलेली आणि दुसरी किंचित वर, हा दोष डोळ्यांना सहज दिसत नाही. चार खाचांच्या बहुतेक बोर्डांवर एकच पट्टी असेल, तर ती प्रोसेसरपासून दुसऱ्या खाचेत लावायची असते. दोन असतील, तर दुसऱ्या आणि चौथ्या. डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमच्या दोन्ही पिढ्यांना २८८ पिना असल्या, तरी पट्टीच्या कडेचा काप वेगळ्या जागी असतो, त्यामुळे चुकीची पट्टी बसतच नाही.

डीडीआर५च्या यंत्रात एक गोष्ट आवर्जून लक्षात ठेवावी. पहिल्या वेळी बोर्ड रॅमच्या वेगाची जुळवाजुळव करतो आणि त्याला काही मिनिटे लागू शकतात. तेवढा वेळ पडदा काळाच असतो, कधी यंत्र स्वतःहून बंद होऊन पुन्हा सुरू होते. घाबरून प्लग काढला, की सगळे पुन्हा पहिल्यापासून. दहा-पंधरा मिनिटे थांबायला काहीच खर्च येत नाही.

पडद्याची केबल कुठे लावली तेही पाहावे. ग्राफिक्स कार्ड बसवले असेल, तर एचडीएमआय केबल त्या कार्डाला लावायची, बोर्डला नाही. कार्ड नसेल, तर प्रोसेसरमध्ये चित्र दाखवण्याची सोय असावी लागते. इंटेलच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेल्या प्रोसेसरांत ती नसते. एएमडीच्या रायझन ५ ५६०० मध्ये नाही, ५६००जी मध्ये आहे. पैसे वाचवायला ‘एफ’ घेतला आणि कार्ड पुढच्या महिन्यावर ढकलले, तर भाग सगळे चांगले असूनही पडदा काळाच राहतो.

बोर्डचे बायोस (यंत्र सुरू करणारा बोर्डवरचा मूळ प्रोग्राम) जुने असणे, हे कारण घरी लक्षात येणे अवघड. बोर्ड २०१८ मध्ये आलेल्या बी४५० चिपसेटचा आणि प्रोसेसर २०२०च्या रायझन ५००० मालिकेतला, अशी जोडी बायोस अद्ययावत केल्याशिवाय चालत नाही. इंटेलच्या ६०० मालिकेच्या बोर्डांवर तेराव्या पिढीच्या प्रोसेसरांचेही तसेच. काही बोर्डांवर प्रोसेसर नसतानाही पेन ड्राइव्हवरून बायोस बदलता येते, आणि त्यासाठी मागे वेगळे बटण असते. ते नसेल, तर जुना प्रोसेसर हाताशी असलेल्या दुकानदाराकडे बोर्ड नेणे हाच मार्ग. बोर्ड घेतानाच ‘या प्रोसेसरला चालेल असे बायोस टाकून द्या’ असे सांगितले, तर पुढची खेप वाचते.

बऱ्याच बोर्डांवर प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि बूट अशा चार खुणांचे बारीक दिवे असतात. तपासणी ज्या पायरीवर अडली, तिचा दिवा पेटलेला राहतो. जुन्या पद्धतीचा छोटा स्पीकर लावला, तर बीपच्या संख्येतूनही दोष कळतो. त्या संख्येचा अर्थ बोर्डच्या मॅन्युअलमध्येच पाहावा, कारण तो बायोसनुसार बदलतो.

यंत्र सुरू होऊन एक-दोन सेकंदांत बंद होत असेल, तर शॉर्टची शंका घ्यावी. बोर्ड कॅबिनेटच्या पत्र्यापासून पितळी स्टँडऑफवर (छोट्या खुंट्यांवर) उचललेला असतो. जिथे बोर्डला भोक नाही तिथे एखादा स्टँडऑफ राहिला, तर तो मागच्या सोल्डरला टेकतो. याचा छडा लावायला बोर्ड बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवावा आणि प्रोसेसर, कूलर, एक रॅम व एसएमपीएस एवढेच जोडून चालवावे. चित्राची सोय प्रोसेसरमध्ये नसेल, तर कार्डही. इथे सुरू झाले, तर दोष कॅबिनेटमध्ये. नाही झाले, तर रॅमची पट्टी आणि खाच आलटून पालटून पाहावी, वीज पूर्ण काढून बायोसमधल्या निवडी मूळ स्थितीला याव्यात म्हणून सीआर२०३२ ही बोर्डवरची ३ व्होल्टची बटण बॅटरी काही मिनिटे बाहेर ठेवावी आणि पुन्हा पाहावे. एका वेळी एकच बदल करावा. दोन केले, तर कशाने सुटले ते कळत नाही.

एसएमपीएस एकटा तपासताना २४ पिनांच्या केबलमधली सोळावी पिन, जुन्या केबलींत हिरवी वायर, शेजारच्या काळ्या वायरशी जोडतात. हे करताना केबल बोर्डला लावलेली नसावी. काही एसएमपीएसचा पंखा भार नसताना फिरत नाही, म्हणून मल्टीमीटर हवा: १२ व्होल्टची वायर ११.४ ते १२.६ मध्ये असावी. एसएमपीएसचे खोके मात्र उघडू नये. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून जास्त दाब राहू शकतो आणि तो जीव घेऊ शकतो.

जुन्या घरांत वायरिंगही जुने असेल आणि तीन पिनांच्या सॉकेटला अर्थिंगच नसेल, तर कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात. एसएमपीएसमधल्या फिल्टरमुळे अर्थ नसलेला पत्रा मुख्य दाबाच्या साधारण निम्म्यावर जातो, म्हणून असे होते. हा नव्या भागांतला शॉर्ट नव्हे. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग करून घ्यावे, भाग परत करायला धावू नये.

स्थिर विजेची काळजी माळव्यात ऋतू पाहून घ्यावी. पावसाळ्यात हवा दमट असते, तेव्हा धोका कमी. हिवाळ्याच्या कोरड्या थंडीत आणि उन्हाळ्यातल्या लूच्या दिवसांत सिंथेटिक सतरंजीवर बसून काम करू नये, आणि भागाला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला स्पर्श करावा.

पडद्यावर बायोस दिसले, की मोठे काम झाले. ‘बूट डिव्हाइस नाही’ असा संदेश येत असेल, तर नव्या एसएसडीवर (साठवणीच्या डिस्कवर) अजून विंडोज टाकलेलेच नाही, किंवा बोर्डवरच्या एम.२ खाचेत साटा या जुन्या जोडणीची एसएसडी आहे आणि ती खाच फक्त एनव्हीएमई हा नवा प्रकार घेते. जुन्या संगणकातली डिस्क लावली असेल, तर बायोसमधली यूईएफआय (सुरू होण्याची नवी पद्धत) आणि जुन्या पद्धतीची निवड पाहावी.

हे सगळे करूनही यंत्र उठले नाही, तर बिल आणि खोकी घेऊन दुकानात जावे. संपूर्ण कॅबिनेट नेले तर उत्तम, कारण दुकानात चालत्या यंत्रातला एकेक भाग बदलून दोष काही मिनिटांत ओळखता येतो. वॉरंटीचा वाद बहुतेक वेळा सॉकेटच्या वाकलेल्या पिनांवरून होतो. इंटेलच्या बोर्डांत आणि एएमडीच्या २०२२ पासूनच्या एएम५ बोर्डांत पिना बोर्डवरच असतात, आणि वाकलेली पिन ग्राहकाचीच चूक धरली जाते. म्हणून प्रोसेसर बसवण्याआधी सॉकेटचा स्पष्ट फोटो काढावा, आणि सॉकेटवरचे प्लॅस्टिकचे झाकण खोक्यातच जपून ठेवावे. बोर्ड वॉरंटीत देताना ते लावलेले असावे लागते.