एडनमधील ब्रिटिश राजवटीचा अंत

अरबी द्वीपकल्पाच्या नैर्ऋत्य टोकाला असलेले एडन बंदर आणि त्यामागचा मुलूख यांवरील ब्रिटिश सत्तेची ३० नोव्हेंबर १९६७ रोजी झालेली समाप्ती. हा प्रदेश आज येमेनचा दक्षिण भाग आहे.

एडन घेतले गेले ते मुंबईहून. ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमारातील कॅप्टन स्टॅफर्ड हेन्स याने १९ जानेवारी १८३९ रोजी बंदर जिंकले. पुढे हिशेबातील तुटीपायी कंपनीने याच हेन्सला मुंबईत कैदेत टाकले; सहाएक वर्षांनी सुटला आणि काही दिवसांतच वारला. १९३२ पर्यंत एडनचा कारभार मुंबई इलाख्याकडे होता, नंतर पाच वर्षे दिल्लीकडे, आणि १९३७ पासून लंडनकडे. रुपया मात्र तिथे १९५१ पर्यंत चालला. मराठी वाचकाला हे गाव ठाऊक असते ते वासुदेव बळवंत फडके यांच्यामुळे. जन्मठेपेवर त्यांना एडनलाच पाठवले होते. तुरुंगातून ते एकदा निसटले, पकडले गेले, आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तिथेच त्यांचा अंत झाला.

सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झाला आणि जहाजांना कोळसा-पाणी पुरवणारे एडन भरभराटीला आले. १९५४ मध्ये तेलशुद्धीकरण कारखानाही निघाला. बंदरामागच्या मुलखात मात्र ब्रिटिशांनी थेट राज्य केले नाही. तिथल्या सुलतानांशी आणि शेखांशी करार करायचे, तनखे द्यायचे आणि बाकी काही पाहायचे नाही, अशी रीत होती. आपल्याकडच्या संस्थानांची आठवण व्हावी असाच हा प्रकार. या संस्थानांचे १९५९ मध्ये एक संघराज्य केले गेले आणि जानेवारी १९६३ मध्ये एडन शहर त्याला जोडले गेले. गोदी कामगारांच्या संघटना आणि अरब राष्ट्रवाद जोरात असलेले शहर सुलतानांच्या दावणीला बांधण्याचा हा बेत मुळातच कच्चा होता.

त्याआधी सप्टेंबर १९६२ मध्ये उत्तर येमेनमध्ये राजेशाही उलथली होती आणि नव्या प्रजासत्ताकाच्या मदतीला इजिप्तचे अध्यक्ष नासर यांचे सैन्य आले होते. १४ ऑक्टोबर १९६३ रोजी एडनमागच्या मुलखातील राडफानच्या डोंगरात ब्रिटिशांविरुद्ध उठाव पेटला. डिसेंबरात एडनच्या विमानतळावर ब्रिटिश हाय कमिशनरवर हातबॉम्ब फेकला गेला आणि आणीबाणी जाहीर झाली. नॅशनल लिबरेशन फ्रंट (एनएलएफ) ही डोंगरी टोळ्यांत आणि संघराज्याच्या फौजेत मुरलेली संघटना; तिच्यासमोर इजिप्तच्या पाठबळावरची ‘फ्लॉसी’ ही प्रतिस्पर्धी संघटना. दोघी ब्रिटिशांशी लढत होत्या, तितक्याच एकमेकींशीही.

फेब्रुवारी १९६६ मध्ये ब्रिटनने जाहीर केले की १९६८ पर्यंत एडन सोडू आणि लष्करी तळही ठेवणार नाही. ज्या सुलतानांना संरक्षणाचे वचन दिले होते, त्यांचा आधार त्याच दिवशी गेला. जाणाऱ्याची बाजू कोण घेणार? प्रश्न उरला तो वारसा कोणाकडे जाणार एवढाच.

जून १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धात अरबांचा पराभव झाला, सुएझ बंद पडला आणि बंदर ओस पडले. २० जून रोजी अफवांनी बिथरलेल्या अरब शिपायांनी आणि पोलिसांनी बंड केले. ‘क्रेटर’ म्हणजे मृत ज्वालामुखीच्या मुखात वसलेले, काळ्या कड्यांनी वेढलेले जुने शहर. तिथे शिरलेली ब्रिटिश गस्त पोलीस बराकीवरून झालेल्या गोळीबारात सापडली. त्या एका दिवसात वीसहून अधिक ब्रिटिश सैनिक मेले आणि क्रेटर दोन आठवडे त्यांच्या हातून गेले. ३ जुलैच्या रात्री लेफ्टनंट कर्नल कॉलिन मिचेलची स्कॉटिश पलटण बॅगपाइप वाजवत परत आत घुसली. ब्रिटनमध्ये मिचेलचा जयजयकार झाला. निघून जायचा निर्णय मात्र तसाच राहिला.

उन्हाळा सरेपर्यंत एकेक संस्थान एनएलएफच्या हाती गेले आणि नोव्हेंबरात तिने फ्लॉसीलाही निपटले. मग जिनिव्हात आठवडाभर घाईने बोलणी झाली. समोर होते एनएलएफचे कहतान अल-शाबी, म्हणजे कालपर्यंतचे दहशतवादी. २९ नोव्हेंबरला शेवटचे सैनिक हेलिकॉप्टरने बाहेर काढले गेले, आणि दुसऱ्या दिवशी अल-शाबी नव्या प्रजासत्ताकाचे अध्यक्ष झाले. पुढे हे अरब जगातले एकमेव मार्क्सवादी राज्य ठरले. १९९० मध्ये ते उत्तर येमेनमध्ये विलीन झाले.

मुंबईशी एडनचे असलेले नाते व्यापाऱ्यांबरोबर विरत गेले. तिथल्या पारशी अग्यारीतला पवित्र अग्नी १९७६ मध्ये एअर इंडियाच्या विमानाने भारतात आणला गेला. तो आता लोणावळ्याला तेवतो आहे.