सहा आणि चौदा नंबरची पिन: गाडीत बसवल्या जाणाऱ्या घरगुती उपकरणांची पार्श्वभूमी

वेग वीस किलोमीटरच्या पुढे गेला की चारही दारे आपोआप लॉक व्हावीत, रिमोटचे बटण दाबून धरले की उघड्या राहिलेल्या काचा वर जाव्यात, रिव्हर्स गिअर टाकताच डावा आरसा खाली झुकून फुटपाथची कड दिसावी, अशा सोयी कंपन्या महागड्या मॉडेलमध्ये देतात आणि त्याच गाडीच्या स्वस्त मॉडेलमध्ये देत नाहीत. यांपैकी काही सोयींसाठी लागणाऱ्या विजेच्या छोट्या मोटर आणि तारा स्वस्त मॉडेलमध्येही आधीपासूनच असतात. नसते ती फक्त आज्ञा. ती आज्ञा काही शे रुपयांच्या मायक्रोकंट्रोलरकडून, म्हणजे एका चिपवरच्या छोट्या संगणकाकडून, देववण्याचा छंद गेल्या पंधरा-वीस वर्षांत जगभर रुजला आहे. त्याचे श्रेय बहुधा स्वस्त झालेल्या सर्किट बोर्डांना दिले जाते, पण खरे कारण गाडीच्या आत, एकमेकींभोवती पिळलेल्या दोन तारांमध्ये आहे.

ॲम्बेसेडर किंवा प्रीमियर पद्मिनीच्या काळात प्रत्येक दिव्याला, हॉर्नला आणि वायपरला स्वतःची तार असे. नवी सोय हवी असेल तर तार कापायची, मध्ये रिले (विजेने चालणारा स्विच) आणि फ्यूज घालायचा आणि वर इन्सुलेशन टेप गुंडाळायची, एवढे काम कोणताही इलेक्ट्रिशियन करून देत असे. पुढे इंजिनातील इंधनाचे नियंत्रण, ब्रेकची एबीएस यंत्रणा, वातानुकूलन अशी एकेक इलेक्ट्रॉनिक पेटी गाडीत येत गेली. या पेट्यांना एकमेकींची माहिती लागे आणि प्रत्येक जोडीसाठी वेगळ्या तारा टाकाव्या लागत, त्यामुळे वायरिंगचा जुडगा जाड, जड आणि महाग होत चालला.

जर्मनीतील बॉश कंपनीने १९८३ मध्ये यावर काम सुरू केले आणि फेब्रुवारी १९८६ मध्ये डेट्रॉइट येथील ऑटोमोटिव्ह अभियंत्यांच्या संमेलनात ‘कंट्रोलर एरिया नेटवर्क’, म्हणजेच कॅन, ही पद्धत जाहीर केली. पुढच्या वर्षी इंटेलने तिची पहिली चिप काढली, १९९१ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लास गाड्यांत ती वापरात आली आणि १९९३ मध्ये तिला आयएसओ ११८९८ हे आंतरराष्ट्रीय मानक मिळाले. सर्व पेट्या दोनच तारांना जोडायच्या आणि सर्वांनी त्याच तारांवर बोलायचे, अशी ही रचना आहे. तारा शांत असताना दोन्हींवर सुमारे अडीच व्होल्ट असतात. कोणी बोलू लागले की एक साडेतीन व्होल्टपर्यंत चढते आणि दुसरी दीडपर्यंत उतरते. ऐकणारी पेटी या दोन तारांमधला फरक मोजते. बाहेरून आलेला विद्युत गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच पडत असल्याने तो त्यात गळून जातो.

या छंदाच्या दृष्टीने व्होल्टपेक्षा संदेशाची रचना महत्त्वाची आहे. कॅनच्या संदेशात पाठवणाऱ्याचे नाव नसते आणि घेणाऱ्याचाही पत्ता नसतो. असतो तो विषयाचा क्रमांक, मूळ स्वरूपात ११ बिटांचा, आणि त्यामागे जास्तीत जास्त आठ बाइट माहिती. दोघांनी एकदम बोलायला सुरुवात केली तर लहान क्रमांकाचा संदेश पुढे जातो आणि दुसरा थांबतो, म्हणून तातडीच्या संदेशांना लहान क्रमांक दिले जातात. चाळीच्या गॅलरीतून हाक मारावी, ती सर्व बिऱ्हाडांना ऐकू जावी आणि ज्याचे काम आहे त्याने तेवढी ध्यानात घ्यावी, तसा हा कारभार आहे. हाक कोणी मारली हे विचारण्याची सोय त्यात नाही. याला १९८६ च्या अभियंत्यांची चूक म्हणणे अन्यायाचे ठरेल, कारण कारखान्यात बसवलेल्या पेट्यांखेरीज त्या तारांवर दुसरे कोणी येईल, असे मानण्याचे तेव्हा काही कारण नव्हते.

बाहेरच्यांसाठी दार उघडले ते प्रदूषणाच्या निमित्ताने. कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाने १९८८ च्या मॉडेलांपासून गाडीने स्वतःच्या प्रदूषण नियंत्रण यंत्रणेवर लक्ष ठेवून बिघाड कळवावा, अशी सक्ती केली. ओबीडी, म्हणजे ‘ऑन-बोर्ड डायग्नोस्टिक्स’, असे नाव असलेल्या त्या व्यवस्थेची दुसरी आवृत्ती, ओबीडी-२, १९९६ च्या मॉडेलांपासून संपूर्ण अमेरिकेत लागू झाली आणि सर्व कंपन्यांच्या गाड्यांत स्टेअरिंगखाली एकाच आकाराचे सोळा पिनांचे सॉकेट आले. २००८ च्या मॉडेलांपासून त्यावरचे संभाषण कॅननेच करणे अमेरिकेत बंधनकारक झाले. भारतात बीएस-४ गाड्यांसाठी एप्रिल २०१० पासून ओबीडीचा पहिला टप्पा आणि एप्रिल २०१३ पासून दुसरा टप्पा आला. या सॉकेटमध्ये ६ आणि १४ नंबरच्या पिनांवर कॅनच्या दोन तारा, ४ आणि ५ वर अर्थिंग आणि १६ नंबरवर बॅटरीचे १२ व्होल्ट मिळतात. गाडी बंद करून थोडा वेळ थांबल्यावर ६ आणि १४ मध्ये मल्टिमीटर लावला तर बहुतेक गाड्यांत ६० ओहमच्या आसपास आकडा दिसतो, कारण कॅनच्या तारांच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो.

हत्यारे त्यानंतर जमली. कॅनडातील एल्म इलेक्ट्रॉनिक्सने गाडीची भाषा संगणकाला समजावून सांगणारी ईएलएम ३२७ ही चिप बनवली. तिच्या पहिल्या आवृत्तीला नकलेपासून संरक्षण नव्हते आणि बाजार नकलांनी भरून गेला. मूळ कंपनी २०२२ मध्ये बंद झाली, नकला अजून विकल्या जातात. इटलीतील इव्रेआ या गावी २००५ मध्ये जन्मलेल्या आर्डुइनो या सोप्या सर्किट बोर्डामुळे मायक्रोकंट्रोलर हाताळणे अभियंत्यांपुरते राहिले नाही. फोक्सवागेनच्या संशोधन विभागाने लिहिलेली सॉकेटकॅन ही प्रणाली २००८ मध्ये लिनक्स या मुक्त संगणक प्रणालीच्या गाभ्यात गेली आणि साध्या लॅपटॉपवर गाडीचे संभाषण नोंदवता येऊ लागले. २०१६ मध्ये आलेल्या ईएसपी ३२ या मायक्रोकंट्रोलरमध्ये कॅनचा नियंत्रक आतच असल्यामुळे बाहेरून लागते ती फक्त तारांशी जुळवून घेणारी छोटी ट्रान्सीव्हर चिप.

प्रत्यक्ष काम मात्र बैठकीचे आहे. इग्निशन चालू करून लॅपटॉप शेजारच्या सीटवर ठेवायचा, तर पडद्यावर सेकंदाला शेकडो संदेश धावू लागतात. मग ड्रायव्हरकडील काचेचे बटण दाबायचे, सोडायचे, पुन्हा दाबायचे आणि त्या तालावर कोणत्या क्रमांकाचा कोणता बाइट बदलतो ते शोधायचे. दहा-वीस वेळा ताल जुळला की तोच संदेश आपल्या उपकरणातून पाठवून पाहायचा. काही संदेशांत दर वेळी एकाने वाढणारा मोजणी आकडा आणि बेरजेची पडताळणी असते. ती जमली नाही तर गाडी ढिम्म राहते. एमसीपी २५१५ या कॅन-नियंत्रक चिपचे स्वस्त बोर्ड घेणारे सुरुवातीला हमखास दोन ठिकाणी अडखळतात. अनेक बोर्डांवर चिपचा ताल ठरवणारा क्रिस्टल आठ मेगाहर्ट्झचा असतो आणि प्रोग्रॅम सोळाचा धरून चालतो, म्हणून एकही संदेश दिसत नाही. शिवाय बोर्डावरही १२० ओहमचा रेझिस्टर जोडण्याचा जंपर, म्हणजे काढता-घालता येणारी छोटी जोडपट्टी, असतो; गाडीत दोन रेझिस्टर आधीच असल्यामुळे तो काढावा लागतो. तिसरी अडचण पंधरा दिवसांनी कळते: सोळा नंबरच्या पिनला गाडी बंद असतानाही वीज असते आणि झोपी न जाणारे उपकरण बॅटरी पिऊन टाकते.

हाक मारणाऱ्याची ओळख न विचारण्याची दुसरी बाजूही याच काळात उघड झाली. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठ आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाची सॅन दिएगो शाखा येथील संशोधकांनी २०१० मध्ये तारांवर बनावट संदेश टाकून ब्रेक निष्प्रभ करता येतात, हे चालत्या गाडीवर दाखवले. २०१५ मध्ये चार्ली मिलर आणि ख्रिस व्हालासेक या सुरक्षा संशोधकांनी जीप चेरोकी दुरून, मोबाइल जाळ्यातून ताब्यात घेतली आणि कंपनीला १४ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत मागवाव्या लागल्या. २०२३ मध्ये तर चोर हेडलाइटजवळच्या तारांना उपकरण लावून ‘किल्ली बरोबर आहे’ असा संदेश पाठवत असल्याचे प्रसिद्ध झाले. दारे आपोआप लॉक करणाऱ्या घरगुती उपकरणाचे आणि चोराच्या उपकरणाचे तत्त्व एकच आहे, हे या छंदातल्या माणसांना मान्य करणे जड जाते.

कंपन्यांनी मग सॉकेट आणि आतल्या तारा यांच्यामध्ये गेटवे नावाचा पहारेकरी बसवला, तो फक्त तपासणीचे प्रश्न पुढे जाऊ देतो. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमावलीतील १५५ क्रमांकाचा सायबर सुरक्षेचा नियम युरोपात जुलै २०२२ पासून नव्या प्रकारच्या आणि जुलै २०२४ पासून सर्व नव्या गाड्यांना लागू झाला. काही नव्या गाड्यांत महत्त्वाच्या संदेशांना आता गुप्त किल्लीने केलेली सही जोडली जाते आणि केवळ नक्कल करून ती मिळवता येत नाही.

भारतात कायद्याचा प्रश्न वेगळ्या वाटेने येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांहून वेगळे पडतील असा बदल करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका ठामपणे मांडली, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरबदलासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली. काचा वर नेणारे उपकरण त्या प्रमाणपत्रात कोठेच दिसत नाही. दिवे, हॉर्न किंवा वेगाची सूचना देणारी शिट्टी यांना हात लावणे मात्र निराळे. वाहनांची चाचणी घेणाऱ्या पुण्याच्या एआरएआयसारख्या (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) संस्था गाडीची जी चाचणी घेतात, ती कारखान्यातून आलेल्या गाडीची असते, घरी बदललेल्या गाडीची नव्हे.

नव्या गाड्यांत दोन तारांवरचे बोलणे असे बंद होत असताना काही जण जुन्या वाटेला परतले आहेत. काचेच्या बटणामागे अजून पुष्कळ ठिकाणी साधा स्विच असतो. त्याच्या दोन टोकांना समांतर एक छोटा रिले किंवा ऑप्टोकपलर (प्रकाशाने चालणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) जोडायचा, गाडीचा वेग आणि दारांची स्थिती तारांवरून फक्त ऐकायची आणि बोलायचे काही नाही. बटण दाबायचे काम बोटाऐवजी मायक्रोकंट्रोलर करतो. इलेक्ट्रिशियनच्या टेपचे रीळ पुन्हा बाहेर निघते.