गंभीर न्यूमोनियाचे संशोधन आणि नमुन्यावरची वेळ

‘व्हेंटिलेटरवर ठेवले म्हणजे माणूस परत येत नाही’ हा समज कोल्हापुरात २०२१ च्या कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर इतका पक्का झाला आहे, की कृत्रिम श्वासाला संमती देताना नातेवाईक निरोपाचीच तयारी करू लागतात. व्हेंटिलेटर न्यूमोनिया बरा करत नाही. तो रुग्णाला वेळ मिळवून देतो. त्या वेळात फुप्फुसात काय घडते हे कळायचे तर अतिदक्षता विभागातले डॉक्टर, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, पेशींचा अभ्यास करणारे आणि संख्याशास्त्रज्ञ यांना एका कामाला जुंपावे लागते. हे जुंपण्याचे काम ज्या समन्वयकाकडे असते, त्याच्या वाट्याला श्रेय फार थोडे येते. माझ्या मते मात्र अशा केंद्राचे यशापयश त्याच्यावरच ठरते.

शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात ‘स्क्रिप्ट’ नावाचे असे एक केंद्र आहे. तेथे व्हेंटिलेटरवरील रुग्णाला न्यूमोनियाची शंका आली, की श्वासनलिकेतून दुर्बीण आत नेऊन फुप्फुसाच्या एका भागात मिठाचे निर्जंतुक पाणी सोडतात आणि लगेच शोषून परत घेतात. थुंकीत तोंडातले जंतू मिसळतात, पण हे पाणी थेट वायुकोशांपर्यंत जाऊन येते. परत आलेल्या पाण्यातला काही भाग जंतू वाढवून पाहण्यासाठी जातो. काही भागातल्या पेशी जिवंत असतानाच मोजायच्या असतात. उरलेला भाग उणे ८० अंशांवर गोठवला जातो. नमुना मध्यरात्री निघाला म्हणून पेशी सकाळची वाट पाहत नाहीत. प्रयोगशाळेत त्या वेळी कोण असेल, बेशुद्ध रुग्णाच्या वतीने संमती कोणी द्यायची, तो शुद्धीवर आल्यावर त्याला पुन्हा कधी विचारायचे आणि नाव काढून टाकलेल्या नमुन्यावर नेमकी कोणती वेळ लिहायची, हे सगळे समन्वयकाने आधीच ठरवलेले असावे लागते.

यातली वेळेची नोंद किती मोलाची आहे, हे या गटाने जानेवारी २०२१ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून दिसते. त्यांनी कोविडच्या ८८ रुग्णांचे नमुने इतर न्यूमोनियाच्या, किंवा तशी शंका असलेल्या, २११ रुग्णांच्या नमुन्यांशी ताडून पाहिले. आपल्या फुप्फुसांत सरासरी ४८ कोटी वायुकोश असतात आणि त्यांत मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी कायम मुक्कामाला असतात. धूळ आणि जंतू गिळून टाकणे हे त्यांचे रोजचे काम. कोविडमध्ये विषाणू या भक्षक पेशींतच सापडला. अशी पेशी टी-पेशींना, म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींना, बोलावणारी रसायने सोडते. आलेल्या टी-पेशी इंटरफेरॉन-गॅमा हे प्रथिन सोडतात. त्याने मॅक्रोफेज अधिक चेततात, दाह वाढवणारी प्रथिने सोडतात आणि टी-पेशींना आणखी उत्तेजित करतात. रहाटगाडग्यासारखे हे चक्र स्वतःलाच फिरवत राहते, आणि म्हणून दाह एकदम न भडकता एकेका भागात सावकाश, दिवसेंदिवस पेटता राहतो. यातल्या एकेका पेशीच्या आरएनए विश्लेषणासाठी (कोणती जनुके चालू आहेत हे पाहण्यासाठी) वापरलेले नमुने कृत्रिम श्वासाची नळी घातल्यापासून ४८ तासांच्या आत घेतलेले होते. नमुना दुसऱ्या दिवसाचा की दहाव्या, हे ठाऊक नसते तर ‘सावकाश’ हा शब्द वापरण्याचा अधिकार कोणालाच उरला नसता.

त्या काळात वृत्तवाहिन्यांवर प्रत्येक मृत्यूचे खापर ‘सायटोकाइन वादळा’वर, म्हणजे दाह वाढवणाऱ्या प्रथिनांच्या अचानक उसळीवर, फुटत होते, तर घरोघरी कापूर-ओव्याची पुरचुंडी हुंगून ऑक्सिजन वाढवण्याचे प्रयत्न चालू होते. कापराने नाक मोकळे झाल्यासारखे वाटते. रक्तातला ऑक्सिजन त्याने वाढत नाही, आणि त्या भरवशावर रुग्णालयात जायला उशीर करणे घातक असते. वादळाची कथाही तपासाला पुरी पडली नाही. याच केंद्राने २०२३ मध्ये ५८५ रुग्णांच्या रोजच्या नोंदी संगणकाने १४ अवस्थांत विभागल्या, तेव्हा मृत्यूशी ठळक संबंध दिसला तो व्हेंटिलेटरवर असताना जडलेल्या आणि बरा न झालेल्या जिवाणूजन्य न्यूमोनियाचा.

हे निष्कर्ष येथे जसेच्या तसे लागू पडतील असे समजू नये. भारतातल्या अतिदक्षता विभागांत क्लेब्सिएला आणि अ‍ॅसिनेटोबॅक्टर हे अनेक प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणू मोठ्या प्रमाणावर आढळतात. मेलिऑइडोसिस हा मातीतून येणारा, विशेषतः मधुमेही माणसाला पावसाळ्यात गाठणारा आणि क्षयरोग समजून चुकू शकणारा आजारही आपल्या किनारपट्टीला नवा नाही. कोल्हापुरात सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालयात रुग्ण आहेत. शिवाजी विद्यापीठात जैवतंत्रज्ञान आणि संख्याशास्त्र हे दोन्ही विभाग आहेत. त्यांना जोडायचे तर पहिली नेमणूक पूर्णवेळ समन्वयकाची व्हावी आणि महागडे यंत्र त्यानंतर यावे. रुग्णाला नळी कधी घातली, प्रतिजैविकाचा पहिला डोस कधी दिला आणि नमुना कधी घेतला, या तीन वेळा एकाच नोंदवहीत, एकाच घड्याळाप्रमाणे लिहिण्यापासून त्याचे काम सुरू होईल.