धाक वागण्यावर की मनावर?

‘काही नाही. जा तू.’

आवाज चढलेला नाही, हात तर मुळीच उगारलेला नाही. मुलगी दारात उभी आहे आणि आई पाठमोरी बसून कपड्यांच्या घड्या घालते आहे. गृहपाठ झाला म्हणून मुलीने खोटं सांगितलं होतं, ते दुपारी उघडकीला आलं. तेव्हापासून हा अबोला. मध्येच मुलगी पाण्याचा पेला आणून ठेवते. आई बघत नाही. रात्री कधीतरी मुलगी ‘सॉरी’ म्हणते, पण कशाबद्दल, हे तोवर तिचं तिलाही नीट कळेनासं झालेलं असतं. खोटं बोलल्याबद्दल, की आईला नकोशी झाल्याबद्दल?

या आईला विचाराल तर ती म्हणेल, ‘आमच्याकडे धाकदपटशा नाही. मी ओरडतसुद्धा नाही.’ त्यात खोटं काहीच नाही. तरी पालकत्वाच्या अभ्यासात हा अबोला शिस्तीच्या सगळ्यात बोचऱ्या प्रकारांत मोडतो. तो तसा का मोडतो, हे समजायला संशोधकांनाही बराच वेळ लागला.

१९६०च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या डायना बॉमरिंड यांनी बालवाडीतल्या मुलांचा अभ्यास केला. त्यांनी सुरुवात पालकांपासून केली नाही, हे मला फार आवडतं. आधी मुलं पाहिली: कोण खुशीत, स्वतःच्या भरवशावर वावरतं, कोण कुढत बसतं, कोणाला स्वतःला आवरताच येत नाही. मग त्यांच्या घरी काय चालतं ते पाहिलं. त्यातून पालकांच्या तीन तऱ्हा पुढे आल्या. एक हुकमत गाजवणारे, ‘मी सांगतो म्हणून’ एवढंच कारण देणारे. दुसरे लाडावणारे, नियमांच्या वाटेला सहसा न जाणारे. तिसरे नियमाला पक्के, पण कारण सांगणारे आणि मुलाचं म्हणणं ऐकून घेणारे. खुशीतली मुलं बहुतांशी या तिसऱ्यांच्या घरची निघाली.

१९८३मध्ये एलिनॉर मॅकोबी आणि जॉन मार्टिन यांनी ही मांडणी आणखी सोपी केली. आपण सहसा एकच तराजू धरतो: एका पारड्यात माया, दुसऱ्यात शिस्त, हे वाढलं की ते कमी. त्यांनी दोन स्वतंत्र मोजपट्ट्या घेतल्या. माया किती, आणि अपेक्षा किती. दोन्ही भरपूर असू शकतात. दोन्ही नसूही शकतात, आणि तो चौथा, बेफिकीर पालकांचा गट. पुढे लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या हजारो किशोरवयीन मुलांची पाहणी केली, तेव्हा सगळ्यात वाईट अवस्था याच चौथ्या गटातल्या मुलांची दिसली. हुकमी घरातली मुलं सांगितल्यासारखी वागत होती, पण स्वतःबद्दल त्यांचं मत फारसं बरं नव्हतं. लाडावलेल्यांचं उलट: आत्मविश्वास दांडगा, अभ्यासात आणि व्यसनांच्या बाबतीत घसरण.

इथवर घड्या घालणारी आई कुठेच सापडत नाही. ती मायाळू आहे आणि तिच्या अपेक्षाही आहेत. ती सापडली १९९६मध्ये. ब्रायन बार्बर यांनी नियंत्रणाचे दोन प्रकार वेगळे काढले. एक वागण्यावरचं: घरी किती वाजता यायचं, फोन कधी ठेवायचा, खोटं बोललं तर काय होईल. दुसरं मनावरचं: अपराधी वाटायला लावणं, लाजवणं, रागावलं की प्रेम आखडतं घेणं. ‘तुझ्यासाठी एवढं केलं आणि तू हे पांग फेडलेस’ हे या दुसऱ्या प्रकारातलं हुकमी वाक्य. (मीही ते वापरलेलं आहे, आणि ते लगेच लागू पडतं हीच त्यातली गोम आहे.) पहिला प्रकार ढिला पडला, तर बाहेर उनाडक्या वाढतात. दुसरा आवळला, तर मूल आतल्या आत खिन्न, काळजीखोर होतं. मार्टिन पिंक्वार्ट यांनी २०१७मध्ये हजाराहून अधिक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हाही मनावरचा ताबा आणि कठोर वागणूक यांच्या बरोबरीने चिंता-नैराश्याची लक्षणं जास्त दिसली. वागण्यावरच्या नियमांबरोबर ती थोडी कमीच दिसली.

आता इथे थोडं थांबायला हवं, कारण असे लेख वाचून अपराधी वाटून घेण्यात पालक पटाईत असतात. हे परिणाम लहान आहेत. २००७मध्ये ब्राइस मॅक्लाउड आणि सहकाऱ्यांनी ४७ अभ्यास तपासले. मुलामुलांमधल्या चिंतेच्या फरकातला जेमतेम ४ टक्के वाटा पालकत्वाशी जोडता आला. नैराश्यावरच्या त्यांच्या वेगळ्या पाहणीत तो ८ टक्के निघाला. बाकीच्यात आनुवंशिकता आहे, जन्मजात स्वभाव आहे, सोबती आहेत, नशीबही आहे.

शिवाय बाण उलटाही जातो. १९८६मध्ये अँडरसन, लिटन आणि रॉम्नी यांनी एक मजेदार प्रयोग केला. सतत भांडणाऱ्या, ऐकत नसलेल्या मुलग्यांच्या आया आणि साध्या मुलग्यांच्या आया घेतल्या, आणि मुलांची अदलाबदल केली. अवघड मुलासमोर बसवल्यावर दोन्ही गटांतल्या आया जास्त हुकूम सोडू लागल्या, जास्त चिडू लागल्या. ‘आई अशी म्हणून मूल असं’ हे ठरवून मोकळं होणाऱ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना हा प्रयोग आवर्जून सांगावा.

मॅक्लाउड यांच्याच आकड्यांमध्ये आणखी एक गोष्ट दडलेली आहे. चिंतेशी मायेचा संबंध जवळजवळ शून्य निघाला. सगळ्यात घट्ट संबंध होता तो मोकळीक देण्याशी, म्हणजे मुलाला त्याचं त्याचं काही करू देण्याशी. घाबरट मुलाच्या घरात काय घडतं ते आठवा. मूल एकटं झोपायला घाबरतं, म्हणून बाबा रोज शेजारी झोपतात. पाहुण्यांसमोर बोलत नाही, म्हणून त्याच्या वतीने आई उत्तर देते. यात प्रेमच आहे, पण प्रत्येक वेळी भीतीला एक पायरी वर चढवलं जातं. येल विद्यापीठातले एली लेबोविट्झ नेमकं इथे हात घालतात. त्यांच्या उपचारात मुलाला बोलवतच नाहीत, फक्त पालकांना शिकवतात. ‘तुला भीती वाटते हे मला कळतं, आणि तू ती झेलू शकशील अशी माझी खात्री आहे’ असं म्हणायचं, आणि शेजारी झोपणं हळूहळू कमी करायचं. २०२०मध्ये १२४ चिंताग्रस्त मुलांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. पालकांना शिकवल्याचा गुण मुलांना थेट मानसोपचार दिल्याइतकाच आला.

भीती वाटते हे कबूल, तिच्यापायी वागणं बदलायचं मात्र नाही. बार्बर यांनी आखलेली रेघ इथे पुन्हा दिसते: मन मुलाचं, नियम वागण्याला. घड्या घालणाऱ्या आईने नेमकं उलटं केलं होतं. खोटेपणाची शिक्षा ठरलीच नाही, आणि टांगणीला लागलं ते नातं.

पण नातं तुटतं ते एका अबोल्याने नाही. एडवर्ड ट्रोनिक यांनी १९७०च्या दशकात तान्ह्या बाळांच्या आयांना काही मिनिटं निर्विकार चेहरा करून बसायला सांगितलं होतं. बाळं हसून पाहतात, हात पुढे करतात, मग मान फिरवतात, रडतात. हा भाग सगळे सांगतात. ट्रोनिक यांनी एरवीच्या साध्या खेळातही मोजणी केली होती, ते सहसा सांगितलं जात नाही. प्रेमळ आया आणि त्यांची बाळं एकमेकांच्या सुरात असतात ती साधारण ३० टक्केच वेळ. उरलेला वेळ चुकामूक होते आणि ती दुरुस्त होत राहते. निर्विकार चेहऱ्यानंतर आई पुन्हा हसली की बाळही निवळतं, फक्त लगेच नाही. आधी थोडा वेळ तिच्याकडे टक लावून बघतं.