दूधसागरला गटाने ट्रेक: परवानगी, पात्रता आणि कागदपत्रे

दूधसागर पाहायला तिकीट काढून आत जायचं, इतकी साधी ही गोष्ट नाही. मांडवी नदीवरचा हा सुमारे ३१० मीटर उंचीचा धबधबा भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात आहे. अशा जंगलात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू होतो. त्यातल्या कलम २७ नुसार कामावरचे सरकारी कर्मचारी, आत राहणारे किंवा आत जमीन असलेले लोक आणि सार्वजनिक रस्त्याने जाणारे वाटसरू सोडले तर इतर कुणालाही परवान्याशिवाय आत जाता येत नाही. कलम २८ नुसार परवाना वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन आणि आतल्या रहिवाशांशी असलेलं कायदेशीर काम यांसाठी मिळतो. ट्रेक ‘पर्यटन’ या कारणात बसतो. अर्जात हाच शब्द लिहा. ‘साहसी उपक्रम’, ‘व्यक्तिमत्त्व विकास शिबिर’ असं काही लिहिलं की उगाच प्रश्न वाढतात.

आधी वाट ठरवा

नेहमीची वाट कुळे गावाहून आहे. साधारण ऑक्टोबरपासून पावसाळा सुरू होईपर्यंत तिथून जीप सुटतात. एका जीपमध्ये सात जण बसतात. ओढे ओलांडत जीप आत जाते आणि शेवटचा टप्पा दगडांवरून चालत करावा लागतो. जीपने जाणाऱ्यांना प्रवेशाची पावती तिथेच मिळते, स्वतंत्र अर्ज लागत नाही. तुमच्या गटाला जंगलातून चालत जायचं असेल तर मात्र लेखी परवानगी आधी हातात हवी.

रेल्वे रुळांवरून चालत जाणं ही वाटच नाही, हे गटातल्या प्रत्येकाला स्पष्ट सांगा. कॅसलरॉक किंवा कुळे स्टेशनहून रुळांवरून जाणाऱ्यांचे व्हिडिओ आजही फिरतात. पण रुळांवर शिरणं हा रेल्वे अधिनियमाच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. जुलै २०२३ मध्ये दक्षिण पश्चिम रेल्वेने धबधबा डब्यातूनच पाहा, असं जाहीर आवाहन केलं होतं. वन विभागाची परवानगी असली तरी ती रुळांवर चालत नाही. त्या घाटात बोगदे आहेत आणि आत गाडी आली तर बाजूला सरायला जागा कमी असते. तरुण मुलांना घेऊन जाणाऱ्याने हा धोका पत्करू नये.

अर्ज कुणाकडे, कसा

अर्ज गोवा वन विभागाच्या वन्यजीव व इको-टुरिझम शाखेच्या उपवनसंरक्षकांच्या नावाने करा आणि एक प्रत मोलेच्या परिक्षेत्र वनाधिकाऱ्यांना द्या. त्यांना तिथे सगळे आरएफओ म्हणतात. अर्जात तारीख, आत जाण्याची आणि बाहेर पडण्याची वेळ, वाट, एकूण माणसं, गटप्रमुखाचं नाव आणि मोबाईल नंबर लिहा. संस्था असेल तर लेटरहेडवर, नसेल तर साध्या कागदावर गटप्रमुखाच्या सहीने. निदान पंधरा दिवस हाताशी ठेवा आणि पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका.

सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे नावांची यादी. आम्ही एकदा २३ जण गेलो होतो आणि यादीत नावं होती २२. एक मुलगा शेवटच्या दिवशी गटात आला होता आणि त्याचं नाव घालायचं मीच विसरले होते. नाक्यावरचे वनरक्षक प्रत्येक नावावर बोट ठेवून आधार कार्ड बघत होते. यादी संपली आणि तो मुलगा कार्ड हातात धरून तसाच उभा राहिला. त्याच्याबरोबर मीही बाहेर थांबले. वनरक्षकांचं काहीच चुकलं नव्हतं, कारण परवानगी त्या कागदावरच्या माणसांपुरतीच असते. म्हणून यादीत नाव, वय, पत्ता, ओळखपत्राचा प्रकार, रक्तगट आणि घरच्यांचा नंबर असे रकाने करा आणि प्रत्येकाची ओळखपत्राची झेरॉक्स त्याच क्रमाने लावा. मूळ ओळखपत्र प्रत्येकाच्या खिशात हवं. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांचं सही केलेलं संमतीपत्र जोडा. परदेशी पाहुणे असतील तर पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत. मोठा कॅमेरा नेणार असाल तर त्याचा उल्लेख करा, त्याचं शुल्क वेगळं असतं. पावती बाहेर पडेपर्यंत जपून ठेवा.

पावसाळ्याचं काय?

दूधसागर पावसाळ्यात सगळ्यात भरून वाहतो आणि परवानगी मिळणं सगळ्यात अवघड असतं तेही तेव्हाच. जुलै २०२३ मध्ये नेत्रावळी अभयारण्यातल्या मैनापी धबधब्यावर दोघे बुडाले आणि त्यानंतर अभयारण्यांतल्या धबधब्यांवर बंदी आली. त्यामुळे जून ते सप्टेंबरमधली तारीख असेल तर रेल्वेचं आरक्षण करण्याआधी त्या वर्षीचा आदेश कार्यालयात विचारा. लेखी परवानगी मिळाली तरी ओढ्याला पाणी चढलं की नाक्यावरून परत पाठवू शकतात. तिथे वाद घालू नका. सह्याद्रीत वर पाऊस झाला की खाली ऊन असतानाही पाणी वाढतं आणि ते त्या माणसांना आपल्यापेक्षा आधी कळतं.

आत काडेपेटी, स्टोव्ह, दारू नको. जंगलात आग लावण्यावर आणि शस्त्र नेण्यावर कायद्यानेच बंदी आहे. पाण्यात उतरायचं तर लाइफ जॅकेट घालूनच. परतताना नाक्यावर यादी पुन्हा बाहेर काढा, माणसं मोजा आणि बाहेर पडल्याची नोंद झाल्याची खात्री करूनच गाडीत बसा.