औद्योगिक भांग (नाशिक जिल्हा)

औद्योगिक भांग : धागा, बी व तेलासाठी घेतले जाणारे, नशा आणणारे टीएचसी हे द्रव्य अत्यल्प असलेले भांगेचे झाड (कॅनाबिस सटायव्हा). रोजच्या व्यवहारात 'हेम्प'. गांजा व चरसही याच जातीपासून मिळतात, म्हणून नियमन कडक आहे.

नाशिक भागातील पूर्वीची लागवड शोधताना नावांचा घोळ आडवा येतो. मुंबई गॅझेटिअरच्या दख्खनी खंडांत अंबाडीला 'ब्राउन हेम्प', तर तागाला 'बॉम्बे हेम्प' म्हटले आहे. यांपैकी एकही भांग नव्हे. अंबाडी भेंडीच्या कुळातली, ताग शेंगावर्गातला. अंबाडीची वरची पाने बोटांसारखी चिरलेली असल्याने बांधावरून फसगत होते. पान चघळले की मात्र आंबट लागते, आणि फिकट पिवळ्या फुलाचा तळ गडद लाल असतो. जुन्या कागदांतला प्रत्येक 'हेम्प' भांग मानून लिहिलेला इतिहास म्हणूनच तपासून घ्यावा. संस्कृत 'शण' म्हणजे भांग की ताग, यावरही मतभेद आहेत. तागाची बाजू अधिक बळकट वाटते. 'भङ्गा'बद्दल पाणिनीचा (बहुधा इ. स. पू. पाचवे-चौथे शतक) आधार आहे. तिच्या शेताला तो 'भङ्ग्य', 'भाङ्गीन' म्हणतो. म्हणजे ती पेरली जात असावी.

गुंगीकारक औषधिद्रव्यांविषयीच्या १९८५ च्या केंद्रीय अधिनियमात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे वा फळधारी शेंडे. शेंड्यांशिवायची पाने व बी त्यातून वगळली आहेत. कलम १० राज्याला लागवडीच्या नियमनाचा अधिकार देते, तर कलम १४ खाली सरकार धागा, बी किंवा उद्यानविद्येसाठी मुभा देऊ शकते. उत्तराखंडाने २०१८ मध्ये परवाना दिला. तेथील टीएचसी मर्यादा ०.३ टक्के. पाने केंद्रीय व्याख्येबाहेर राहिली तरी मोकळी होत नाहीत. महाराष्ट्रात भांगेला १९४९ चा दारूबंदी अधिनियम लागू होतो. परवान्याशिवाय चार रोपे लावणेही गुन्हाच, हे शेतकऱ्याला स्पष्ट सांगायला हवे. द्राक्षबागेत हिरवळीच्या खतासाठी पेरलेल्या तागाला मात्र असा परवाना लागत नाही.

खाद्यपदार्थांत बी, बियांचे तेल व पीठ यांना नोव्हेंबर २०२१ पासून मान्यता आहे. टीएचसीची मर्यादा बियांत किलोमागे ५ मिलिग्रॅम, तेलात १०, पेयांत ०.२. दुकानांतील तपासणी अन्न व औषध प्रशासनाकडे.

त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थातील चिलमीच्या गांजाला १९८५ च्या अधिनियमात वेगळी सवलत नाही.